अकरा काडतुसं

गुंडूअण्णांनी पहिल्या भेटीत माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातली पेटी घेतली, आजोबांची रायफल बाहेर काढली, बोल्ट ओढून बाजूला ठेवला आणि नळीला नाक लावून वास घेतला. मी पुण्याची. समोरच्याने नमस्काराला उत्तर दिलं नाही की माझं डोकं फिरतं. ‘मी मेधा,’ मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, ‘आणि मला ही विकायची आहे.’

‘वर्षभर तेल नाही हिला,’ ते म्हणाले. ‘कुणी केलं हे?’

मीच केलं होतं. म्हणजे काहीच केलं नव्हतं. बाबा गेल्यावर परवान्याचे सगळे सोपस्कार उरकून रायफल माझ्या नावावर आली, पण माझं आयुष्य चाललं होतं बेंगळुरूत, एचएसआर लेआउटच्या फ्लॅटमध्ये आणि बेळ्ळंदूरच्या ऑफिसात. त्यात शिकारीच्या रायफलीला कुठे जागा? कुणीतरी सांगितलं, यशवंतपूरच्या पुढे कारखान्यांच्या शेडांमागे एक जुना रायफल क्लब आहे, तिथले गुंडू पाटील गिऱ्हाईक बघून देतील. पाटलांनी गिऱ्हाईक काही बघितलं नाही. नळीत तेलाचा बोळा फिरवत विचारलं, ‘हिनं काय मारलंय?’

‘आजोबांनी रानडुकरं मारली म्हणे. त्या काळी चालायचं.’

‘ते आजोबांनी. हिला काय जमतं ते बघितलंय काय कुणी?’ मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘शिकार आता नाही, बरंच झालं. कागद आहे की. कागद रडत नाही, पळत नाही, खोटं बोलत नाही. शनिवारी या बाई.’

मी गेले. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. पण पुढची चार वर्षं माझे शनिवार तिथेच गेले.

अण्णा निपाणीकडचे. तरुणपणी बेंगळुरूला आले, एका कारखान्यात लेथवर पंचवीस-तीस वर्षं काढली आणि नंतर क्लबचे शस्त्रागार सांभाळणारे झाले. घरी निपाणीची मराठी, फाटकावर कन्नड, सभासदांशी मोडकी हिंदी. क्लबला काडतुसं भरायचा परवाना होता आणि ते काम फक्त अण्णा करायचे. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. ऐकायला सोपं. मलाही सोपंच वाटलं होतं, म्हणून मी एकदा म्हटलं, ‘अण्णा, यासाठी मशीन मिळतं. खटाखट होतं काम.’

‘मिळतं की. तुमच्या ऑफिसातल्यासारखं,’ ते म्हणाले. ‘चूक झाली की पुन्हा चालू करायचं.’

मी मशीनचं नाव पुन्हा काढलं नाही.

काडतुसं भरायची खोली म्हणजे दहा बाय आठची, एक खिडकी, एक टेबल. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा डबा खोलीत आणायचा नाही, कपाटाला बाहेरून कुलूप. पंखा होता, पण काम करताना बंद; वाऱ्याने तराजूचा काटा हलतो म्हणून. एप्रिलमध्ये अण्णा सुती बनियनवर बसायचे आणि घाम कपाळावरून भुवईत उतरला तरी पुसायचे नाहीत. समोर फणसाच्या लाकडाचा पन्नास भोकांचा ठोकळा. दारू न घातलेली पुंगळी तोंड खाली करून, घातलेली तोंड वर करून. सगळ्या भरल्या की टॉर्च घेऊन प्रत्येकीच्या तोंडात डोकवायचं आणि मगच गोळ्या बसवायच्या. सुरुवातीला डबा तोलायचा, शेवटी पुन्हा तोलायचा. जितकी दारू डब्यातून गेली, तितकी पन्नास काडतुसांत असलीच पाहिजे. चिमूटभर फरक आला तरी सगळं खोलून पुन्हा सुरुवात.

आणि या सगळ्यात तोंडातून चकार शब्द नाही. दाराच्या कडीला लाल पंचा अडकवला की अण्णा जगाला मेले. क्लबचे अध्यक्ष एकदा पाहुण्यांना घेऊन आले, दारावर टकटक केली, हाका मारल्या. आतून उत्तर नाही. पाऊण तास पाहुण्यांसकट उन्हात उभे राहिले बिचारे. पंचा काढून अण्णा बाहेर आले आणि म्हणाले, ‘काय काम होतं?’ अध्यक्षांना तोवर काम आठवेना.

मला मात्र आत बसायची परवानगी मिळाली. अट एकच, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि ओठ मिटलेले. माझ्यासारख्या बडबड्या बाईला ती शिक्षाच होती. पण खरं सांगू? आठवड्याभराच्या मीटिंगांनंतर त्या खोलीतल्या शांततेत मला बरं वाटायचं.

शांतता म्हणजे आमच्या दोघांची. भिंतीपलीकडे अण्णांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि तिथे त्यांची बायको, शांताक्का होती. ती एकटीच अख्खी खोली भरून टाकायची. भाजी चिरता चिरता भिंतीशी बोलायची. ‘अहो, गॅसवाला आलाय. अहो, ऐकताय काय? नाही ऐकायचं तर नका ऐकू, मी सांगून मोकळी.’ उत्तर येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक. मग माझ्या नावाने सुरू. ‘मेधा, तू तरी बोल गे! तुला पण मुकी केली काय ह्यांनी?’ मी तोंडात ओढणी कोंबून हसायची. अण्णांचा हात तेवढ्यापुरता थांबायचा आणि पुन्हा चालू. पंचा निघाला की शांताक्का भाकरी आणि ठेचा पुढे करायची आणि म्हणायची, ‘चाळीस वर्षं झाली लग्नाला. त्यातली वीस ह्यांनी दार लावून काढली.’

माझ्या रायफलीसाठी काडतूस ठरवायला आम्हाला तीन महिने लागले. बाजारातली काडतुसं तिला मानवत नव्हती. पाच गोळ्या पाच गावांना जायच्या. अण्णांचं म्हणणं असं की प्रत्येक नळीची आवड वेगळी, ती तिलाच विचारावी लागते. दारूचं माप अगदी केसाएवढं बदलून पाच-पाच काडतुसं भरायची, रेंजवर जायचं, नळी गार होऊ देत सावकाश झाडायची आणि कागद काढून आणायचा. मग अण्णा खिशातून एक सुपारी काढायचे. ही सुपारी खायची नव्हे. झिजून गुळगुळीत झालेली, कितीतरी वर्षं त्याच खिशात राहिलेली. ती कागदावर ठेवायची. पाचही भोकं तिच्याखाली झाकली गेली तर माप जमलं. एक जरी बाहेर डोकावलं तर, ‘स्वल्प बाकी आहे.’ हे ‘स्वल्प’ ऐकून ऐकून माझे कान किटले. एका शनिवारी मी सगळ्या कागदांचा ग्राफ काढून लॅपटॉपवर दाखवला आणि म्हटलं, ‘अण्णा, हे बघा, माप इथे येणार.’

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. ‘झकास काढलंय. रायफलीला दाखवलं काय?’

अस्सा राग आला मला! पण माप ग्राफने सांगितलेल्या जागी आलं नाही, त्याच्या जरा अलीकडेच आलं. त्या दिवशी अण्णांनी सुपारी ठेवली, कागद उजेडात धरला, पुन्हा ठेवली. एकही भोक दिसेना. मी उड्या मारायच्या बेतात होते. अण्णांनी वहीत एक ओळ लिहिली, सुपारी खिशात टाकली आणि म्हणाले, ‘सरी, जमलं. आता हिला दुसरं काही खाऊ घालू नका.’ रायफल विकायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

आता जे सांगायचं आहे, ते सांगताना माझी जीभ अडखळते. पण ते गाळलं तर अण्णा अर्धेच राहतील, आणि मी उगाच चांगली दिसेन.

पावसाळा संपत आला होता. शनिवार सकाळ. पंचा लागलेला, मी स्टुलावर. अण्णांची एकोणचाळीस काडतुसं झाली होती. मी मनात मोजायची, दुसरं काय करणार? पलीकडून शांताक्काची हाक आली. ‘अहो, जरा या की.’ आवाज नेहमीचाच. अण्णांनी चाळिसावी पुंगळी उचलली नाही, चमचा हातात तसाच धरला. जरा वेळाने पुन्हा, ‘अहो,’ आणि या वेळी शब्द जड आल्यासारखा वाटला. मग भांडं पडल्याचा आवाज.

मी अर्धी उठले. अण्णांनी माझ्याकडे न पाहता डावा हात आडवा केला, बस म्हणून. आणि मी बसले. शांताक्का रोजच हाका मारते, रोजच काहीतरी पडतं, असं मी स्वतःला सांगितलं. अकरा काडतुसं राहिली होती. अण्णांनी ती भरली. टॉर्च मारला, गोळ्या बसवल्या, डबा तोलला, पंचा काढला. मग आम्ही पलीकडे गेलो. शांताक्का ओट्याखाली पडली होती. डोळे उघडे होते आणि तिने आमच्याकडे पाहिलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, पडून किती वेळ झाला. अण्णा म्हणाले, ‘अकरा काडतुसं.’ डॉक्टरांना काही कळेना. ते पुन्हा विचारायला लागले, तेव्हा मी मध्ये पडून म्हटलं, अर्धा तास असेल. डॉक्टर पुढे म्हणालेही की पक्षाघाताचा झटका मोठा होता, अर्ध्या तासाने फार फरक पडला नसता. मी ते वाक्य अण्णांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही.

शांताक्का वाचली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भिंतीपलीकडून येणारा तो सगळा आवाज एका सकाळी बंद झाला.

अण्णांनी गावाहून बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटा मागवून घेतली आणि खाटेच्या डाव्या बाजूला, शांताक्काचा हात पोचेल अशी बांधली. आता घंटा वाजली की अण्णा उठणार. हातात काहीही असो, माप अर्ध्यावर असो, ‘आलो’ म्हणायचे आणि निघायचे. त्या खोलीत काम करताना त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला शब्द. परत आल्यावर ठोकळ्यातली सगळी दारू डब्यात ओतायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, असा नवा नियम त्यांनी स्वतःला घातला. मध्येच उठलेल्या माणसाचा भरवसा नाही, म्हणायचे. पन्नास काडतुसांना तीन-तीन दिवस लागू लागले. सभासद कुरकुरायचे. शांताक्का कधी पाण्यासाठी घंटा वाजवायची, कधी कूस बदलायला, आणि कधी कशासाठीच नाही. अण्णा येतात की नाही एवढंच बघायला. मला तरी तसं वाटायचं. ती बघायची आणि डोळे मिटायची.

त्या सकाळबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. मी स्टुलावर बसायचं मात्र सोडलं. मी पलीकडे शांताक्काजवळ बसायची.

गेल्या हिवाळ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रेंजवर जुन्या शिकारी रायफलींची स्पर्धा ठरली. मी हट्टाला पेटले. आजोबांची रायफल, अण्णांचं माप, मला जिंकायचंच होतं. ‘शनिवारी स्पर्धा आहे अण्णा, शुक्रवारी संध्याकाळी काहीही करून पन्नास हवीत,’ असं मी त्यांना त्या आठवड्यात चार वेळा फोन करून सांगितलं. घंटेचं मला माहीत होतं. तरी सांगितलं. शुक्रवारी ऑफिसातून धावत गेले, त्यांनी काडतुसांची डबी हातात ठेवली, आणि मी चहासुद्धा न घेता निघाले.

शनिवारी मी मॅटवर आडवी होते. सात गोळ्या झाडून झाल्या होत्या, सातही मनासारख्या. कानांवर मफ, समोर वेळ धावतेय, आठवं काडतूस आत सरकवलेलं. एवढ्यात अधिकाऱ्याने हात वर करून फायर थांबवायला सांगितलं. मी चिडून मागे पाहिलं. अण्णा उभे होते. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात शांताक्काची सपात. बनियनवर शाल.

‘बोल्ट उघड. काढ ते. सगळी परत दे,’ ते म्हणाले. त्यांनी मला पहिल्यांदाच अगंतुगं केलं होतं.

सकाळी त्यांनी डबा तोलला होता. आदल्या संध्याकाळी घंटा आणि घाई यांत शेवटचं वजन राहून गेलं होतं. डब्यात एका काडतुसाची दारू जास्त निघाली. म्हणजे पन्नासांतलं एक रिकामं. रिकामं काडतूस नुसतं फुस्स करतं. टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते, आणि ते न कळता मागून दुसरी झाडली तर नळी फाटते, तोंडाशेजारी. माझा फोन लॉकरमध्ये, तिथे तसा नियमच. शांताक्काला एकटी सोडायची नाही. मग त्यांनी तिला उचलून रिक्षात घातलं आणि अख्खं शहर ओलांडून आले. रिक्षा फाटकाशी उभी होती. आत शांताक्का, मांडीवर घंटा.

आणि मी काय करावं? मी वाद घातला! ‘अण्णा, वजन चुकलं असेल. काडतुसं तोलून बघू, हलकं असेल ते बाजूला काढू. माझी वेळ चाललीय.’

‘तोलून कळत नाही गे. पितळेचंच वजन कमी-जास्त असतं,’ ते म्हणाले. आणि मग सगळ्या नेमबाजांकडे वळून आधी कन्नडमध्ये, मग मोडक्या हिंदीत, खणखणीत आवाजात म्हणाले, ‘गुंडू पाटलानं भरलेलं काडतूस कुणाकडे असेल तर वापरू नका. माझी चूक झालीय.’

काहींनी मान खाली घातली. ज्या माणसाने आयुष्यभर आपलं नाव जपलं होतं, त्याने ते असं भर मैदानात खाली ठेवलं. मला रडू आलं, आणि ते स्पर्धेसाठी नव्हतं.

दुपारी क्लबवर त्रेचाळीस काडतुसं खोलायला आम्ही बसलो. या वेळी दार सताड उघडं आणि शांताक्काची खाट दारातच आणलेली. अण्णा एकेका काडतुसाची गोळी काढायचे, दारू वाटीत ओतायचे, मी पुंगळी ओळीत लावायची. कितव्यातरी काडतुसाची गोळी निघाली आणि वाटीत काहीच पडलं नाही. अण्णांनी पुंगळी उलटी करून टेबलावर ठोकली. काहीच नाही. हे कदाचित आठवंच असेल; डबीत परत टाकल्यावर कसं कळणार?

‘काल चार वेळा घंटा झाली,’ अण्णा म्हणाले. ‘तीनदा ओतून पुन्हा भरलं. चौथ्यांदा वाटलं, कुठपर्यंत आलो होतो ते आठवतंय. टॉर्च मारला असंही वाटलं.’ पुंगळी बाजूला ठेवून म्हणाले, ‘तेव्हा उठलो नाही. काल उठलो. दोन्ही वेळा कुणाच्या तरी जिवावर आलं.’

‘काल मी घाई केली अण्णा. आणि तेव्हा मीही उठले नाही,’ मी म्हटलं. दोन वर्षं घशात अडकलेलं होतं ते. ‘मला ऐकू आलं होतं. मी उठायला हवं होतं.’

‘माझ्या हातामुळं बसलीस तू.’

‘हातच होता तो अण्णा. साखळी नव्हती.’

शांताक्का आमच्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. तिने घंटेला हात घातला नाही. अण्णा उठून तिच्या खाटेशी गेले आणि तिथेच जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडले. मी पुंगळ्यांकडे बघत बसले. शांताक्काने डावा हात हळूहळू सरकवत त्यांच्या डोक्यावर ठेवला की नुसता तो तिथे पडला, हे मला आजही ठरवता येत नाही.

अध्यक्ष स्वतः आले, राहा म्हणाले. चूक सापडली ना, कुणाला काही झालं नाही ना. अण्णांनी चाव्या पुढे केल्या. ‘एक कान तिकडं ठेवून हे काम होत नाही. आणि तो कान आता मी काढणार नाही,’ एवढंच म्हणाले. तराजू आणि वही क्लबच्या कपाटात गेली. सुपारी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हटलं. ‘ठेव की. खायची नाही एवढं लक्षात ठेव.’

ते निपाणीकडे परत जाणार होते, भावाच्या घरी. मी यशवंतपूर स्टेशनवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता. शांताक्काला चाकाच्या खुर्चीत बसवलेलं, अण्णा शेजारच्या बाकावर. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आले तर लांबूनच त्यांचा आवाज ऐकू आला. अण्णा बोलत होते. एकसारखे. भावाने मोरीचं दार रुंद करून घेतलंय, अंगणात ऊन येतं, गॅसवाला तिथे घरपोच येतो, मेधा बाटल्या आणायला गेलीय, ती बघ आलीच. शांताक्का त्यांच्याकडे न बघता रुळांकडे बघत होती.

मध्येच तिने मांडीवरची घंटा उचलली आणि वाजवली. अण्णा तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. त्यांचा गुडघा तिच्या खुर्चीला टेकलेला होता.

तरी ते ताडकन उभे राहिले. ‘आलो,’ म्हणाले, ‘आलो शांता, आलो.’